कापसाचा पैसा ठेवावा कुठे?



कापूस विकला, उधारी फिटली, खतबियाण्याचे देणे गेले, म्हणजे घरात चार पैसे उरतात. ते कुठे ठेवावेत, हा प्रश्न मग जळगाव-धुळ्याच्या घराघरांत निघतो. कोणी सांगतो, अमुक ठिकाणी बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त मिळते. हे दोन टक्के कुठून येतात, हे मात्र कोणी विचारत नाही.

आपल्या खानदेशच्या कापसानेच हा धडा एकदा दिला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या खानदेश, वऱ्हाड, गुजराथकडे पाहू लागल्या. भाव चढले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकले गेले. जमीन अजून पाण्याखालीच होती, पण तिचे कागद हातोहात फिरत होते! बँकाही तेच कागद तारण घेऊन आणखी कर्ज देत होत्या.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे हिशेब चुकते करण्याचा दिवस होता. त्या दिवशी पैसा कोणाकडेच निघाला नाही. सरकारचे भाग असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

शेतकऱ्याचे काय झाले? भाव चढता असताना सावकाराने हात सैल सोडला होता. भाव उतरला, पण कर्ज उतरले नाही. त्यात शेतसारा वाढला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला उठाव झाला, तो नगरकडेही पसरला आणि सावकारांची कर्जखते जाळली गेली. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, तो याच कर्जाच्या फासातून सुटका व्हावी म्हणून.

पण पाटीवर सहकार लिहिला म्हणजे कारभारात तो असतोच असे नाही. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था आठवा. अनेक राज्यांत शाखा असलेली ही संस्था अडचणीत आली. २०१५ मध्ये संचालकांना अटक झाली आणि अवसायक नेमला गेला. एवढ्यावरच थांबले नाही. २०२० मध्ये अवसायनाच्या व्यवहारांवरही गुन्हे दाखल झाले. अडलेल्या ठेवीदारांच्या पावत्या कमी किमतीत घेऊन त्या कर्जदारांच्या कर्जात वळत्या केल्या, असा आरोप झाला. मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी ठेवलेला पैसा असा अडकला.

१८६५ आणि २०१५ यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे, पण रोग एकच. जो पैसा फिरवतो त्याला नफा, आणि ज्याचा पैसा आहे त्याला तोटा. हिशेब तपासणारा दूर, आणि विचारणारा कोणी नाही.

मग बाजार नकोच म्हणायचे का? तसे म्हणून चालणार नाही. कापूस विकायचा तर बाजार हवा, आणि बियाण्याला पैसा हवा तर पेढी हवी. पण ज्याने धोका पत्करला त्यानेच तोटाही सोसावा, हा नियम कायद्यात पक्का बसला पाहिजे. महाराष्ट्रात १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याने बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते. बहुराज्य सहकारी संस्थांच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन सभासदांच्या तक्रारींसाठी लोकपाल आला. ही पावले चांगली आहेत, पण ती पैसा बुडाल्यानंतर धावतात. पतसंस्थेच्या ठेवीलाही बँकेसारखे विम्याचे छत्र मिळावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर घरात एवढे तरी पाहावे. ठेव बँकेत आहे की पतसंस्थेत, हे पावतीवर नीट वाचा. बँकेतील ठेवीला, सहकारी बँक धरून, २०२० पासून एका ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नका. पावत्या कुठे आहेत हे घरातल्या बाईलाही ठाऊक असू द्या. आणि सभासद असाल तर वार्षिक सभेला जरूर जा. चहा-फराळ घेऊन परतू नका. थकीत कर्ज किती, आणि त्यातले संचालकांच्या नातलगांकडे किती, हे उभे राहून विचारा. उत्तर टाळले गेले, तर दुसऱ्या दिवशी ठेव कशी परत घेता येईल ते पाहा.