मोबाईल म्हातारा झाला की त्यातली बॅटरी?

“चार्जिंग टिकत नाही, आता नवाच घ्यावा लागेल,” हे वाक्य आज वस्तीतल्या घराघरांत ऐकू येते. तीन वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेला मोबाईल सकाळी पूर्ण भरून निघतो आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत लाल रेषेवर येतो. कधी ३० टक्के दाखवत असतानाच पटकन बंद पडतो. बारामतीच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारा तरुण असो की टेक्स्टाईल पार्कमध्ये शिलाई करणारी भगिनी असो, रात्री कामावरून सुटल्यावर घरी एक फोन करण्याइतकीही ताकद त्यात उरत नाही. मग फायनान्सवाल्याच्या दुकानाची पायरी चढली जाते. आमचे म्हणणे एवढेच की त्याआधी दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढून पाहावी. पुष्कळदा मोबाईल म्हातारा झालेला नसतो, त्यातली बॅटरी तेवढी म्हातारी झालेली असते.

मोबाईल ही चैनीची वस्तू आहे असे आता कोणी म्हणू नये. मुलाची शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या अर्जावर, अर्ज ओटीपीवर आणि ओटीपी मोबाईलवर! २०२५ साली अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाईन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरपासून लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तिलाही ओटीपी हवाच. नेमक्या त्या वेळी मोबाईलने मान टाकली तर रांगेतला नंबर जातो, दिवसाची मजुरी जाते आणि कधी कधी अर्जाची मुदतही जाते.

बॅटरी म्हातारी का होते, हे थोडक्यात सांगतो. मोबाईलमध्ये असते ती लिथियम-आयन जातीची बॅटरी. ती १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली आणि तिच्या शोधाबद्दल २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चार्ज करताना लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात, वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत त्यातले थोडे वाटेतच अडकून पडतात. साधारण ५०० पूर्ण फेऱ्या झाल्या की बॅटरीची धारणशक्ती मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. अलीकडच्या काही मोबाईलमध्ये हा आकडा याहून बराच जास्त असतो. म्हणजे हा झिजण्याचा स्वभाव आहे, त्यात तुमचा दोष नाही. मात्र उष्णता ही तिची खरी वैरीण. ३५ अंशांपलीकडची हवा तिला मानवत नाही, आणि आपल्या बारामती-इंदापूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. त्यात पत्र्याचे घर, आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल उशीखाली! उसाच्या फडात बांधावर उन्हात ठेवलेला मोबाईल तर सावलीतल्या मोबाईलपेक्षा लवकर खचणारच.

पूर्वी हे दुखणे सोपे होते. नोकियाची बीएल-५सी बॅटरी आठवते ना? नखाने झाकण काढायचे, जुनी काढायची, नवी बसवायची. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने जाहीर केले की मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात. लोक घाबरले, दुकानांत गर्दी झाली. पण बॅटरी तेवढी बदलून मिळाली आणि मोबाईल घरातच राहिला. पुढे २०१६ साली सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा मात्र कंपनीला अख्खे मोबाईलच परत घ्यावे लागले, कारण त्यातली बॅटरी ग्राहकाला काढता येत नव्हती. दरम्यानच्या आठ-दहा वर्षांत कंपन्यांनी मागचे झाकण गोंदाने कायमचे बंद करून टाकले होते. मोबाईल बारीक आणि देखणा झाला, हे खरे. पण नखाने होणारे काम कारागिराच्या हाती गेले.

कधी कधी मोबाईल हळू चालतो तोही बॅटरीमुळेच. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने कबूल केले की बॅटरी जुनी झालेले काही आयफोन एकाएकी बंद पडू नयेत म्हणून कंपनीच त्यांचा वेग कमी करत होती. जगभर ओरड झाल्यावर आपल्या देशात बॅटरी बदलण्याचा दर ६,५०० वरून २,००० रुपयांवर आणला गेला. तोवर किती जणांनी ‘हळू झाला’ म्हणून धडधाकट मोबाईल मोडीत काढला असेल, कोण जाणे!

दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी, हा प्रश्न आपल्या राज्यात अंगणवाडी सेविकांनी चव्हाट्यावर मांडला. पोषणाच्या नोंदी करण्यासाठी सरकारने २०१९ साली त्यांना मोबाईल दिले. दोन वर्षांत वॉरंटी संपली. मोबाईल तापू लागले, अडकू लागले. दुरुस्तीचे हजारो रुपये तुटपुंज्या मानधनातून भरण्याची पाळी सेविकांवर आली. तेव्हा २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल सरकारी कार्यालयांत नेऊन परत केले. काम सरकारचे, मोबाईल सरकारचा, मग दुरुस्ती आमच्या पदरची का, हा त्यांचा सवाल होता. आमच्या मते तो रास्तच होता.

आता थोडा हिशेब करू. समजा १२,००० रुपयांचा मोबाईल तीन वर्षांत बदलला, तर तो महिन्याला ३३३ रुपयांना पडतो. त्याच मोबाईलला तिसऱ्या वर्षाअखेर मजुरीसह १,००० रुपयांची बॅटरी टाकून आणखी दोन वर्षे चालवला, तर १३,००० भागिले ६० महिने, म्हणजे सुमारे २१७ रुपये. महिन्याकाठी ११६ रुपये वाचतात. ‘शून्य व्याज’ अशी पाटी असली तरी प्रक्रिया शुल्क असते आणि हप्ता चुकला तर दंड असतो, तो या हिशेबात धरलेलाच नाही. बॅटरीचा दर मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारावे. कंपन्या मधूनमधून सवलतही देतात. २०२२ च्या जूनमध्ये शाओमीने ४९९ रुपयांपासून बॅटरी बदलून देण्याची योजना काढली होती.

दुकानात जाण्याआधी घरीच एक परीक्षा घ्यावी. शेजाऱ्याचा चांगला चार्जर आणि वायर लावून पाहावी. चार्जिंगच्या छिद्रात खिशातला कचरा दाटला असेल तर मोबाईल बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने काढावा. पुष्कळदा दुखणे एवढेच असते. पण टक्के धाडकन उतरत असतील, किंवा मागचे झाकण अथवा पुढची काच उचलल्यासारखी दिसत असेल, तर बॅटरीच गेली. झाकण उचलले म्हणजे आत बॅटरी फुगली आहे. असा मोबाईल त्या क्षणापासून चार्जिंगला लावू नये, दाबून बसवू नये, आणि टाचणीने टोचून ‘हवा काढण्याचा’ उद्योग तर मुळीच करू नये. आत ज्वालाग्राही द्रव असतो.

कंपनीचे सर्व्हिस सेंटर जवळ असेल तर पहिली पसंती त्यालाच द्यावी. इंदापूरच्या खेड्यांतून त्यासाठी बारामतीला किंवा पुण्याला जाणे सगळ्यांना परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. चौकातल्या कारागिराकडे जायचे तर काही गोष्टी पाहून घ्याव्यात. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर या ॲपवर तो तपासता येतो. मूळ बॅटरी ४,००० एमएएचची असताना तेवढ्याच आकाराची ६,००० ची कोणी देत असेल तर ती आकड्यांची फसवणूक समजावी. बनावटीची तारीख विचारावी, कारण बॅटरी डब्यात पडून राहिली तरी वयाने खचते. शिक्क्याचे बिल घ्यावे आणि वॉरंटी किती महिन्यांची ते त्यावर लिहून घ्यावे.

सिम व मेमरी कार्ड आधी काढून ठेवावे, फोटो-कागदपत्रांची नक्कल करून घ्यावी. बॅटरी बसवायला मोबाईलचा पासवर्ड लागत नाही, यूपीआयचा पिन तर नाहीच नाही. काम समोर बसून करून घ्यावे. झाकण गरम हवेने गोंद मऊ करून उघडतात. ज्या मोबाईलला बोटाचा ठसा मागच्या बाजूला आहे, त्याची कागदासारखी पातळ पट्टी झाकण झटक्याने ओढले की तुटते. म्हणून कारागिराला ‘सावकाश, घाई नाही’ असे आधीच सांगावे. पाण्यापासूनचे संरक्षण मात्र एकदा उघडल्यावर पहिल्यासारखे राहील असे धरून चालू नये.

प्रत्येक जुन्या मोबाईलवर खर्च करावा असेही नाही. डिस्प्लेही फुटला असेल, किंवा अँड्रॉइड फारच जुने असेल, तर हजार रुपये वाया जातील. २०२५ च्या जानेवारीत अँड्रॉइड ४.४ चालणाऱ्या मोबाईलवरचे व्हॉट्सॲप बंद झाले. अशा मोबाईलला नवी बॅटरी घालून काय उपयोग?

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून नव्या कायद्याने अशा बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता येतील अशाच बसवायच्या आहेत. खूप टिकाऊ ठरणाऱ्या मोबाईलना त्यात काही सूट आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे पोर्टल सुरू केले. कोणती वस्तू दुरुस्तीला किती सोपी, याचे गुण ग्राहकाला दाखवावेत अशी शिफारस करणारा समितीचा अहवालही मे २०२५ मध्ये सादर झाला. दुकानदाराने खोटी बॅटरी गळ्यात मारली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही लागत नाही. बिल जपून ठेवा म्हणतो ते यासाठी.

राहिली काढलेली जुनी बॅटरी. ती मुलांच्या हाती खेळायला देऊ नये, चुलीत टाकू नये आणि घंटागाडीतही टाकू नये. कचऱ्यात दबली तर पेट घेते, आणि तो कचरा उपसणारे हात आपल्याच माणसांचे असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा बदलली त्याच दुकानात ती ठेवून यावी.