पकडलेला मासा सोडायचा की शिजवायचा?

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीहून दक्षिणेला तापीकडे निघालं की सारंगखेडा आणि प्रकाशा इथले बॅरेज लागतात. अशा अडवलेल्या पाण्यात गळ टाकून बसणाऱ्याला ‘धरलेला मासा परत सोड’ म्हटलं तर तो हसेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. सोडून देण्याची रीत लोकप्रिय झाली ती अमेरिकेतल्या बास माशाच्या स्पर्धांमुळे. अशा स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२मध्ये तिथे मासे जिवंत सोडण्याची मोहीम सुरू केली. पण आज तिथलेच तज्ज्ञ लहान तळ्यांच्या मालकांना थोडे बास खायला काढा म्हणतात. सगळेच सोडले की तळ्यात गर्दी होते, खाद्य पुरत नाही आणि मासे खुरटतात. म्हणजे सोडणं हे आपोआप पुण्य नव्हे; मासा कोणता आणि पाणी कोणतं, यावर ते ठरतं.

आपल्याकडे सोडण्याजोगा मासा म्हणजे महसीर. कावेरीवरच्या शिबिरांत हौशी लोक तो पकडून सोडत, नोंदी ठेवत. तिथला मूळचा कुबडा महसीर घटतोय आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढतोय, हे त्याच नोंदींतून उघड झालं. या पाहुण्याचं बीज आपल्या लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातलं! कुबड्याची २०१८मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद झाली. उलट आफ्रिकेतून आलेली चिलापी भरमसाट वाढते; ती सोडण्यात कसलं आलंय संवर्धन? ती कालवणातच बरी.

खायचा नाही तर छळायचा कशाला, हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. केवळ मजेसाठी पकडून सोडायला स्वित्झर्लंडमध्ये कायद्याने मनाई आहे. शिवाय सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा मृत्यूचं सरासरी प्रमाण १८ टक्के निघालं. गळ घशात खोल रुतला किंवा पाणी तापलेलं असलं की धोका आणखी वाढतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात हौसेपुरता गळ टाकूच नये. इतर वेळी उलटा काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करावेत, फोटोसाठी मासा उचलून धरू नये. महसीरच्या घशात गळ गेला तर दोरा तोडून त्याला जाऊ द्यावं. कटला किंवा चिलापी रक्तबंबाळ झाली असेल, तर सरळ घरी न्यावी.