पक्षाचं नाव तेच, भूमिका मात्र बदललेली

दरवर्षी 26 जूनला कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला झाडून सगळ्या पक्षांची मंडळी येतात. भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं: आमचा पक्ष पहिल्यापासून शाहूंच्या विचारांचा. जयंती सगळ्यांनी साजरी करावी, त्यात आनंदच आहे. पण हा दावा इतिहासाला धरून नाही, आणि तरुण मुलं तो खरा मानतात, हे मला टोचतं.

अमेरिकेत हाच घोळ वर्णभेदाबाबत होतो. गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन होता. 1964 च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध सिनेटमध्ये पडलेल्या 27 मतांपैकी 21 डेमोक्रॅटिक पक्षाची होती, तरी त्यावर सही करणारा अध्यक्ष जॉन्सनही डेमोक्रॅटच. त्यानंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे सरकले. कृष्णवर्णीय मतदार तर रूझवेल्टच्या काळापासूनच डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळू लागले होते. पक्षांच्या पाट्या जागेवर राहिल्या, माणसं हलली. आपल्याकडे वर्णाच्या जागी जात ठेवा आणि मग कोल्हापूरकडे पाहा.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज असा, की शाहू महाराज आणि काँग्रेस एकाच वाटेवरचे. महाराजांचा आरक्षणाचा हुकूम 26 जुलै 1902 चा. सरकारी नोकरीत निम्म्या जागा मागासवर्गीयांना, आणि ज्या खात्यात हे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथे पुढची नेमणूक मागासवर्गीयाचीच. एवढ्यावर ते थांबले नाहीत. नव्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी पाठवायचा, असंही त्यात बजावलं होतं. हुकूम कागदावरच राहतो कसा, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

त्या वेळची महाराष्ट्रातली काँग्रेस कुठे होती? 1895 च्या पुणे अधिवेशनात सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरू देण्याला टिळकांच्या बाजूच्या लोकांनी विरोध केला होता. महाराजांच्या घरचे विधी वैदिक मंत्रांनी व्हावेत की नाही, या वेदोक्त प्रकरणात तर खुद्द टिळकच महाराजांच्या विरुद्ध बाजूला होते. म्हणून फुल्यांचा वारसा सांगणाऱ्या सत्यशोधक मंडळींना काँग्रेस परकी वाटे. त्यांचं राजकारण ब्राह्मणेतर पक्षात उभं राहिलं आणि भास्करराव जाधव त्या पक्षाकडून मुंबई इलाख्यात मंत्री झाले.

मग ब्राह्मणेतर पक्ष म्हणजे सगळ्या बहुजनांचा पक्ष होता का? इथे दुसरा गैरसमज आहे. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून जाहीर मान दिला. पण महाराज 1922 मध्ये गेले. 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रहाला ब्राह्मणेतर पक्षाच्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला तो ब्राह्मणांना दूर ठेवण्याच्या अटीवर. बाबासाहेबांनी ती अट धुडकावली. त्यांचा विरोध ब्राह्मण माणसाला नव्हता, ब्राह्मण्याला होता. पुढे त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, यात म्हणूनच नवल नाही.

काँग्रेस बदलली ती कुणा नेत्याला साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. 1930 नंतर जेधे आणि त्यांच्यासोबत खेड्यापाड्यांतला शेतकरी समाज आत आला, तेव्हा ती बदलली. पुण्याच्या वकिलांची संघटना बहुजनांची झाली. तरी आत आलेल्यांचं समाधान झालं नाहीच. जेधे आणि शंकरराव मोरे 1948 मध्ये बाहेर पडले, शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला, कोल्हापुरात तो रुजला. माधवराव बागलही त्याच पक्षात होते. त्यांच्याच पुढाकाराने डिसेंबर 1950 मध्ये बिंदू चौकात फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे बसले. आंबेडकर तेव्हा हयात होते, केंद्रात कायदामंत्री होते. जेधे स्वतः 1954 मध्ये काँग्रेसमध्ये परतले आणि यशवंतराव चव्हाणांच्या काळात बहुजन समाजाचा मोठा भाग तिथेच स्थिरावला.

हिंदुत्ववादी पक्ष एका जागी थांबलेत, असंही समजू नये. शिवसेनेने मंडल आयोगाला आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला विरोध केला. मंडलच्या मुद्द्यावर मतभेद सांगत छगन भुजबळ 1991 मध्ये काँग्रेसमध्ये गेले. त्याच सेनेने 2011 मध्ये रामदास आठवल्यांशी हात मिळवला आणि 2023 मध्ये उद्धव ठाकरे यांनी प्रकाश आंबेडकरांशी युती जाहीर केली. भाजपला शेटजी-भटजींचा पक्ष म्हणत, तेव्हा पक्षाचे संघटक वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी समाजांना जोडणारं ‘माधव’ सूत्र आखलं. त्यातून गोपीनाथ मुंडे मोठे झाले. मराठा आरक्षण 2014 मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीने दिलं, 2018 मध्ये भाजप-सेनेने दिलं, सर्वोच्च न्यायालयाने ते 2021 मध्ये रद्द केलं आणि 2024 मध्ये महायुतीने पुन्हा कायदा केला. इथे तर भूमिकांचा फरकच उरला नाही.

पक्षाने भूमिका बदलणं हा गुन्हा नव्हे. लोकांच्या रेट्याने पक्ष बदलले म्हणून तर सत्तेची दारं कुणबी, माळी, महार घरांतल्या पोरांना थोडीतरी उघडली. पण बदललो हे लपवणं चुकीचं, कारण त्यात तो रेटा देणारी माणसंच पुसली जातात. तेव्हा पुढच्या शाहू जयंतीला व्यासपीठावरून कुणी ‘पहिल्यापासून’ म्हणालं, तर उभे राहून नम्रपणे विचारा: साहेब, कुठल्या वर्षापासून?