‘माइंड’ पोलिशमध्ये कुठे जातं?



आज आपण एकच इंग्रजी शब्द घेणार आहोत. छोटा आहे, रोजचा आहे. शब्द आहे ‘माइंड’. ‘आय डोन्ट माइंड’, ‘नेव्हर माइंड’, ‘मेक अप युवर माइंड’ हे आपल्याकडे शाळेतली मुलंही बोलतात. हाच शब्द तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिरला की एकदम भारदस्त होतो. तिथे ‘फिलॉसॉफी ऑफ माइंड’ नावाची स्वतंत्र शाखा आहे. माइंड म्हणजे काय, ते कुठे असतं, मेंदू आणि माइंड एकच की दोन, असे प्रश्न तिथे विचारले जातात. सतराव्या शतकातल्या देकार्तपासून या प्रश्नांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची झोप उडवलेली आहे.

माझं आजचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. ‘माइंड’ हे नाम म्हणजे एक गाठोडं आहे. आठवणं, ठरवणं, मत असणं, लक्ष देणं, हरकत घेणं, शांत असणं अशा निरनिराळ्या गोष्टी इंग्रजीने त्यात एकत्र बांधल्या आहेत. ही इंग्रजी वाक्यं दुसऱ्या भाषेत नेली की गाठोडं सुटतं आणि आत काय काय होतं ते दिसतं. आज आपण ते पोलिश भाषेत सोडून बघू.

पोलिशच का? एक कारण असं की ज्या तत्त्वज्ञाने नामांच्या या फसवेगिरीवर सर्वांत काटेकोर विचार केला, त्यांपैकी एक पोलिश होता. त्याच्याकडे येऊच. आणि ही भाषा आपल्या मातीला अगदी अनोळखी आहे असंही नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलं होती.

तर आता उदाहरणं. पोलिश उच्चार मी जमेल तितके जवळचे देतो आहे.

इंग्रज म्हणतो, ‘इट स्लिप्ड माय माइंड’, म्हणजे विसरलो. पोलिश माणूस म्हणतो, ‘विलेचावो मी झ ग्वोवी’. ‘ग्वोवा’ म्हणजे डोकं. गोष्ट डोक्यातून उडून गेली. आपणही म्हणतो, ‘अरे, डोक्यातूनच गेलं!’ इथे माइंडच्या जागी डोकं आलं.

‘चेंज युवर माइंड’ घ्या. पोलिशमध्ये ‘झ्म्येनिच झ्दान्ये’. ‘झ्दान्ये’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ मत आणि दुसरा अर्थ व्याकरणातलं वाक्य. म्हणजे पोलिश माणूस माइंड बदलत नाही, तो आपलं मत बदलतो, जणू एक वाक्य खोडून दुसरं लिहितो. ‘मेक अप युवर माइंड’ला तर तिथे नामच लागत नाही. ‘ठरव’ या अर्थाचं क्रियापद वापरलं की काम झालं.

‘पीस ऑफ माइंड’ म्हणजे मनःशांती. पोलिशमध्ये ‘स्पोकुय दुखा’. यातलं ‘दुखा’ हे ‘दुख’ या शब्दाचं षष्ठीचं रूप. हसू नका, आपल्या दुःखाशी त्याचा काही संबंध नाही! पोलिश ‘दुख’ म्हणजे आत्मा, चैतन्य. तेव्हा शांती लाभते ती आत्म्याला. निरोगी शरीरात निरोगी मन असावं ही जुव्हेनाल या रोमन कवीची कल्पना युरोपभर म्हणीसारखी पसरली. इंग्रजीत ती सांगताना ‘माइंड’ वापरतात, पोलिशमध्ये ‘दुख’. शरीर दोन्हीकडे तेच, त्याचा जोडीदार मात्र बदलला.

आता ‘आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड’. पोलिश म्हण आहे, ‘त्सो झ ओचु, तो स सेर्त्सा’. जे डोळ्यांसमोरून गेलं ते हृदयातून गेलं. इथे फरक नीट बघा. इंग्रजी म्हण विसरण्याबद्दल बोलते, पोलिश म्हण प्रेम ओसरण्याबद्दल. परगावी गेलेल्या मुलाचा वाढदिवस विसरणं वेगळं आणि त्याच्याबद्दलची माया आटणं वेगळं. आपली ‘दृष्टीआड सृष्टी’ तिसरंच काही सांगते.

काळजीने वेडापिसा झालेल्या माणसाला इंग्रजीत ‘आउट ऑफ हिज माइंड’ म्हणतात. पोलिशमध्ये तो ‘झ्मिस्वी’पासून, म्हणजे इंद्रियांपासून, दूर चालत जातो. ‘माइंड युअर ओन बिझनेस’ला पोलिश उत्तर आहे, ‘पिल्नुय स्फेगो नोसा’, म्हणजे स्वतःच्या नाकावर लक्ष ठेव. आपल्याकडेही दुसऱ्याच्या कामात खुपसलं जातं ते नाकच.

शेवटी क्रियापद म्हणून येणारं माइंड. ‘माइंड द स्टेप’, पायरी सांभाळा. तिथे पोलिश पाटीवर ‘उवागा’ लिहिलेलं असतं, म्हणजे लक्ष द्या. कुत्र्यापासून सावध करणाऱ्या पाटीवरही हाच ‘उवागा’. ‘नेव्हर माइंड’ला ‘न्येवाझ्ने’, म्हणजे महत्त्वाचं नाही. ‘आय डोन्ट माइंड’ला पोलिश माणूस सांगतो की माझ्याकडे याविरुद्ध काही नाही. आपण म्हणतो, ‘हरकत नाही’ किंवा नुसतं ‘चालेल’.

मोजा बरं. डोकं, मत, आत्मा, हृदय, इंद्रियं, नाक, लक्ष. सात झाले, आणि एके ठिकाणी तर नामच उरलं नाही.

इथे कोणी म्हणेल, मग पोलिश भाषेत माइंडला शब्दच नाही का? आहे. ‘उमिस्व’. ‘मिश्ल’ म्हणजे विचार, त्याच्याशी नातं सांगणारा हा शब्द. फिलॉसॉफी ऑफ माइंडला पोलिश विद्यापीठांत ‘उमिस्व’चंच तत्त्वज्ञान म्हणतात. प्रसंगावधानालाही ‘उमिस्व’ वापरतात. म्हणून ‘पोलिश लोकांना माइंड नसतं’ असा विनोदी निष्कर्ष काढू नका. शब्द नाही म्हणून वस्तू नाही, हे तर्काला धरून नाही. पण हेही लक्षात घ्या की ‘उमिस्व’ विचाराच्या आणि बुद्धीच्या आसपास राहतो. शांती, विस्मरण, हरकत ही कामं त्याच्या गळ्यात कोणी घालत नाही.

व्युत्पत्तीतही एक गंमत आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मुख्य अर्थ होता स्मरण. ‘रिमाइंड’मध्ये तो अजून शिल्लक आहे. याचं मूळ आणि संस्कृत ‘मति’चं मूळ एकच. पोलिशमध्ये त्याच मुळाचा वंशज म्हणजे ‘पाम्येंच’, आणि त्याचा अर्थ स्मृती. म्हणजे घराणं एकच होतं. एका भावाने स्मृतीचं घर राखलं, दुसऱ्याने इंग्लंडात जाऊन मोठा पसारा मांडला.

आपल्या ‘मन’ या शब्दाचंही याच घराण्याशी नातं आहे, म्हणून आपण डोळे झाकून माइंडचं भाषांतर ‘मन’ करतो. ‘ही हॅज अ गुड माइंड’ याचं ‘त्याचं मन चांगलं आहे’ असं करून बघा. इंग्रजाने त्याच्या बुद्धीची तारीफ केली होती, आपण त्याला प्रेमळ करून टाकलं! आपलं मन लागतं, रमतं, मोडतं, मोठं असतं. विचार करण्यासाठी आपण बुद्धी वेगळी ठेवलेली आहे. न्यायदर्शनात तर मन हे आत्म्याचं एक साधन आहे, तेही अणुएवढं.

पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे ऑस्ट्रेलियात काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ आना व्हिएर्झबित्स्का यांनी हाच मुद्दा सविस्तर मांडला आहे. त्यांच्या मते ‘माइंड’ ही सर्व मानवजातीची कल्पना नसून इंग्रजी भाषेत घडलेली कल्पना आहे. सर्व भाषांत सापडतात ती साधी क्रियापदं: विचार करणं, जाणणं, हवं असणं, वाटणं.

आता तत्त्वज्ञ. तादेउश कोतार्बिन्स्की, जन्म १८८६, मृत्यू १९८१. तर्कशास्त्रज्ञ तार्स्कींचे हे एक गुरू. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी ‘आभासी नामां’चा विचार मांडला. त्यांचं म्हणणं असं की काही नामं खरोखर वस्तूंची नावं असतात, जसं खुर्ची, घोडा, माणूस. काही नामं मात्र फक्त व्याकरणाने नामं असतात. ‘शहाणपण’ घ्या. ‘रामभाऊंकडे शहाणपण आहे’ हे वाक्य ‘रामभाऊंकडे छत्री आहे’ यासारखं दिसतं. पण पहिल्या वाक्याचा अर्थ इतकाच की रामभाऊ शहाणे आहेत. वाक्य असं फिरवून लिहिता आलं, तर शहाणपण नावाची वेगळी वस्तू जगात शोधत बसायचं कारण उरत नाही.

हीच कसोटी माइंडला लावा. ‘तिने माइंड बदललं’ म्हणजे तिने आधी एक ठरवलं होतं, आता दुसरं ठरवलं. ‘माझ्या माइंडमधून गेलं’ म्हणजे मी विसरलो. प्रत्येक वेळी नाम गळून पडतं आणि उरतात दोन गोष्टी: एक माणूस आणि एक क्रियापद. पोलिश बोलणारा सामान्य माणूस काही कोतार्बिन्स्की वाचून बोलत नाही. पण त्याचे वाक्प्रचार या कामाची निम्मी वाट आधीच चाललेले असतात. निम्मीच म्हणतो, कारण आत्मा आणि हृदय ही त्याची स्वतःची गाठोडी आहेतच.

इंग्लंडमध्ये गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली ‘द कॉन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात जवळचीच गोष्ट सांगितली. एका पाहुण्याला महाविद्यालयं, ग्रंथालय, मैदानं सगळं दाखवलं. शेवटी तो विचारतो, ‘हे ठीक आहे, पण विद्यापीठ कुठे आहे?’ माणूस बोलतो, आठवतो, ठरवतो हे सगळं बघून ‘पण माइंड कुठे आहे?’ असं विचारणं तशाच जातीचं आहे, असं राइल म्हणतात. हे सर्वांना पटलं असं नाही. वेदना होते तेव्हा आतून जे जाणवतं त्याचं काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. तो मी खोडून काढत नाही. ‘एकच वस्तू आहे’ हे गृहीत आपण कुठून घेतलं, एवढंच तपासायला सांगतो आहे.

‘सर, या शब्दांच्या खेळाने व्यवहारात काय फरक पडतो?’ असा प्रश्न साहजिक आहे. फरक पडतो. तो बघायला कायद्याकडे जाऊ.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याचं कलम ५९ सांगतं की ‘साउंड माइंड’ असलेली, अज्ञान नसलेली व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. शब्द इंग्रजी घराण्यातून आला. आता एखाद्या घरात ऐंशीच्या पुढचे आजोबा आहेत. त्यांना विस्मरण होतं. कालचं जेवण आठवत नाही. लगेच कोणीतरी म्हणतं, ‘त्यांचं माइंड गेलंय.’ एकदा असं म्हटलं की सगळंच गेलं! माइंड ही वस्तू असेल, तर ती एक तर असते, नाहीतर नसते. मग आजोबांना कोणी काही विचारत नाही. खोली कोणती हवी, कोणाला भेटायचंय, घर कोणाच्या नावावर करायचंय, सगळं त्यांच्या डोक्यावरून बोललं जातं.

पोलिश नागरी संहिता १९६४ सालची आहे. तिच्या कलम ९४५ मध्ये मृत्युपत्र केव्हा रद्द ठरतं ते सांगताना ‘उमिस्व’ हा शब्द येत नाही. जाणीवपूर्वक किंवा मोकळेपणाने निर्णय घेणं आणि इच्छा व्यक्त करणं ज्या अवस्थेत शक्य नव्हतं, त्या अवस्थेत ते केलं होतं का, असं ते कलम विचारतं. निर्णय घेणं, व्यक्त करणं. पुन्हा क्रियापदं.

इंग्रजी न्यायालयालाही अखेर इथेच यावं लागलं. १८७० सालचा ‘बँक्स विरुद्ध गुडफेलो’ हा खटला प्रसिद्ध आहे. मृत्युपत्र करणाऱ्या बँक्सला भ्रम होत असत, एक मेलेला माणूस आपल्या मागे लागलाय असं त्याला वाटे. तरी त्याचं मृत्युपत्र वैध ठरलं. न्यायालयाने बघितलं ते असं: आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होतं का? मालमत्ता किती हे समजत होतं का? कोणाचा हक्क विचारात घ्यायला हवा हे उमगत होतं का? भ्रमाने या निर्णयावर परिणाम केला का? आपल्या १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १२ मध्येही ‘साउंड माइंड’ची व्याख्या अशीच आहे: करार करताना तो समजणं आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विवेकाने विचार करता येणं. उत्तराधिकार अधिनियमही मान्य करतो की एरवी भ्रमिष्ट असलेला माणूस मधल्या शुद्धीच्या काळात मृत्युपत्र करू शकतो.

आणि आपले जुने दस्तऐवज आठवा. ‘मी हे माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहे.’ राजीखुशी म्हणजे मोकळेपणा, अक्कलहुशारी म्हणजे जाणीव. पोलिश कलमातले दोन निकष आपल्या तालुक्याच्या गावी बसलेल्या दस्तलेखकाच्या वाक्यातही आहेत. आपण ते वाचतो आणि पुढे जातो.

तेव्हा मित्रहो, कोणाचं ‘माइंड गेलं’ असं तोंडावर आलं की क्षणभर थांबा आणि क्रियापदं लावून बघा. त्यांना माणसं ओळखता येतात का? आपल्याला काय हवं ते सांगता येतं का? सांगितलेलं समजतं का? सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी जमतं का? यांची उत्तरं वेगवेगळी येतील. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येईल, त्या बाबतीत निर्णय आपण घ्यायचा नाही, त्यांना विचारायचं.

आज इथेच थांबू.