देवपूरचा प्लॉट, मालेगावचा नकाशा
लेखमाला : मोजणी समजून घेताना, भाग ६

गेल्या भागात आपण यूटीएमचे पट्टे पाहिले. ७२ ते ७८ पूर्व रेखांशांमधला तो ४३वा पट्टा आणि त्याच्या मधोमध ७५ अंशांची रेघ. ही रेघ आपल्या खानदेशातूनच जाते. धुळ्याहून पारोळ्याकडे निघालं की सरळ रेषेत साधारण तेवीस किलोमीटरवर ती लागते आणि अमळनेर पूर्वेला ठेवून तापीकडे जाते. यूटीएममध्ये या रेघेला ५,००,००० मीटर हा आकडा ठरवून दिलेला आहे. त्यामुळे धुळे शहरातल्या कुठल्याही जागेचा पूर्वेचा आकडा पाच लाखांच्या आत येतो आणि जळगाव शहरातल्या जागेचा साडेपाच लाखांच्या वर जातो.

पांझरेच्या पलीकडे, देवपुरातल्या एका प्लॉटचा कोपरा उदाहरणादाखल घेऊ. पूर्व ४,७६,०८३ मीटर, उत्तर २३,१२,७५८ मीटर. म्हणजे मधल्या रेघेपासून जवळपास चोवीस किलोमीटर पश्चिमेला आणि विषुववृत्तापासून तेवीसशे किलोमीटरच्या थोडं वर. आपल्या गावाचे हे दोन आकडे ढोबळमानाने तरी प्रत्येक मोजणीदाराच्या, आर्किटेक्टच्या आणि ले-आउट पाडणाऱ्याच्या डोक्यात असले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. फाइल उघडल्या उघडल्या निम्म्या चुका तिथेच दिसतात.

देवपुरात एकेकाळच्या शेतांवर ले-आउट पडले आणि कॉलन्या उभ्या राहिल्या. आज तिथल्या एकाच जमिनीची तीन-चार चित्रं वेगवेगळ्या दप्तरांत सापडतात: साखळीने मोजलेलं जुनं टिपण, गटाचा नकाशा, फुटांत काढलेला ले-आउट आणि आता रोव्हरने किंवा ड्रोनने घेतलेले बिंदू. संगणकावर ही चित्रं एकावर एक ठेवली की बसत नाहीत. मग माणूस माउसने नकाशा धरतो, ओढतो, थोडा फिरवतो, थोडा ताणतो आणि उपग्रह-चित्रातल्या रस्त्यावर आणून बसवतो. काम झाल्यासारखं वाटतं. पण ओढण्याआधी जे अंतर दिसत होतं, तेच चूक कशामुळे झाली ते सांगत होतं. नकाशा ओढला की तो पुरावा पुसला जातो आणि चूक आकड्यांच्या आत कायमची राहते. म्हणून ओढण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या: नकाशा किती सरकला आहे, आणि सगळीकडे सारखाच सरकला आहे का.

हजारो किलोमीटरची चूक सगळ्यात निरुपद्रवी, कारण ती लपत नाही. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली की देवपूरचा प्लॉट नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मधल्या समुद्रात जाऊन पडतो. पट्टा ४३ऐवजी ४४ निवडला तर तोच प्लॉट सव्वासहाशे किलोमीटर पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेवर अंबागड चौकीच्या आसपास उमटतो. ही दुसरी चूक महाराष्ट्रात वरचेवर होते, कारण ७८ अंशांची रेघ राज्याला विदर्भात कापते. नागपूर ४४व्या पट्ट्यात आहे आणि खानदेश ४३व्या. नागपूरच्या कामाची फाइल नमुना म्हणून घेतली आणि पट्टा बदलायचा राहिला, की झालंच.

पन्नास किलोमीटरची चूक जास्त फसवी. आपला कोपरा अंश-मिनिटांत लिहिला तर अक्षांश २० अंश ५४ मिनिटं आणि रेखांश ७४ अंश ४६ मिनिटं येतो. कुणीतरी डायरीत घाईने २०.५४ आणि ७४.४६ असं टिपतो. संगणक ते दशांश समजून वाचतो आणि बिंदू मालेगावच्या पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर जातो. खरा आकडा २०.९१ आणि ७४.७७ असायला हवा होता. फसवी अशासाठी की २०.५४ हा आकडा वाचताना खटकत नाही. तो खानदेशाच्या शेजारचाच असतो आणि मोठ्या यादीत सहज खपून जातो. ओळखायची खूण एकच: यादीतल्या एकाही आकड्यात टिंबानंतरचे पहिले दोन अंक ६०च्या पुढे जात नसतील, तर ती मिनिटं आहेत असा संशय घ्यावा.

हाच रोग जुन्या मोजणीतही आहे आणि तिथे तो पैशांवर बेततो. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची, आणि तिचे सोळा आणे. एक गुंठा म्हणजे साखळी गुणिले साखळी, १,०८९ चौरस फूट. टिपणात एका बांधाची लांबी ४ साखळ्या ६ आणे लिहिली आहे असं धरू. सहा आणे म्हणजे साखळीचे सहा-सोळांश, ०.३७५. लांबी ४.३७५ साखळ्या, १४४ फूट साडेचार इंच, म्हणजेच ४४ मीटर. संगणकावर भरताना ती ४.६ अशी भरली तर ४६.२७ मीटर होते. सव्वादोन मीटर वाढले! शेजाऱ्याशी कोर्टात जायला एवढं अंतर पुरतं. क्षेत्राचंही तसंच. १ एकर २० गुंठे म्हणजे दीड एकर, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण एक्सेलमध्ये १.२० एकर लिहिलं की बारा गुंठे गायब होतात, कारण १.२० एकर म्हणजे १ एकर ८ गुंठे. सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरमध्ये मात्र शंभर आरचा हेक्टर असल्यामुळे ०.८१ हे खरंच दशांश असतं. एकाच गावच्या कागदांत साठाचा, सोळाचा, चाळीसचा आणि शंभराचा हिशेब चालतो आणि चौघांच्याही मध्ये तेच एक टिंब असतं. म्हणून जुने आकडे भरताना साखळी आणि आणे, एकर आणि गुंठे वेगवेगळ्या रकान्यांत भरावेत आणि बेरीज सूत्राने करावी. टिंब देऊच नये.

फूट आणि मीटरची गल्लत ओळखणं सोपं. यूटीएमच्या एका पट्ट्यात पूर्वेचा आकडा साडेआठ लाखांच्या वर जात नाही. आपल्या कोपऱ्याचा आकडा फुटांत लिहिला तर १५ लाख ६१ हजारांच्या घरात जातो. नकाशावर अंतरं ३.२८ पट आणि क्षेत्र १०.७६ पट दिसलं तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. उत्तर आणि पूर्व यांच्या क्रमाचीही एक गोम आहे. काही यंत्रं आधी उत्तर लिहितात, ऑटोकॅड आधी पूर्व मागतं. क्रम चुकला की प्लॉट आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो. लांबी-रुंदी बरोबर येते, क्षेत्रही बरोबर येतं, पण रस्ता भलत्या बाजूला जातो. क्षेत्र जुळलं म्हणून नकाशा बरोबर, असं मानणारे इथे फसतात.

आता येऊ शंभर मीटरच्या चुकीकडे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्टच्या लंबगोलावर आधारलेले आहेत. जॉर्ज एव्हरेस्टने १८३०मध्ये मांडलेलं हे पृथ्वीचं माप भारतात नीट बसावं असं होतं. त्याचा मूळ बिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरला. जीपीएस वापरतं डब्ल्यूजीएस-८४, ज्याचा केंद्रबिंदू पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रावर धरलेला आहे. दोघांच्या विषुववृत्तीय त्रिज्येत सव्वाआठशे मीटरहून जास्त फरक, आणि केंद्रंही वेगळी. त्यामुळे एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन्हींत वेगळे येतात. जुन्या नकाशावरून वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे जीपीएसच्या नकाशावर टाकले, तर धुळ्याच्या परिसरात सगळं शंभर-सव्वाशे मीटर आग्नेयेला सरकून बसतं. सगळं, आणि सारख्याच अंतराने. ही सारखेपणाची खूण महत्त्वाची. गावभर एकाच दिशेने सारखं सरकलेलं असेल तर डेटम, म्हणजे आकडे ज्या लंबगोलावर आणि केंद्रावर बेतले आहेत तो आधार, तपासा. एका टोकाला जुळून दुसऱ्या टोकाकडे चूक वाढत जात असेल तर एकक किंवा प्रमाण तपासा. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेली खुली नकाशा-मालिका डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएमवर आहे, त्यामुळे नकाशा कोणत्या मालिकेतला आहे हे त्याच्या समासात आधी वाचावं.

कारण सापडल्यावरही एक घोडचूक हमखास होते. क्यूजीआयएससारख्या प्रणालीत दोन वेगळ्या आज्ञा असतात. एक फक्त सांगते की हे आकडे अमुक पद्धतीतले आहेत, आकड्यांना हात लावत नाही. दुसरी आकडे खरोखर एका पद्धतीतून दुसरीत बदलून नवी फाइल देते. लोक दुसरीच्या जागी पहिली वापरतात. ज्वारीच्या पोत्यावर गव्हाची चिठ्ठी चिकटवली म्हणून आत गहू होत नाही. आधी आकडे ज्या पद्धतीत घेतले तिचीच चिठ्ठी लावायची, मग रूपांतर करायचं. हा क्रम मोडला तर चूक दुरुस्त होण्याऐवजी दुप्पट होते. धुळे-जळगावसाठी डब्ल्यूजीएस-८४ यूटीएम ४३ उत्तरचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३, आणि नुसत्या अक्षांश-रेखांशांचा ४३२६. हे दोन लक्षात ठेवले तरी बरंचसं काम भागतं.

तिसरा क्रमांक ३८५७, त्याच्यापासून सावध राहा. वेबवरचे बहुतेक नकाशे या प्रक्षेपणात दिसतात. पाहायला ठीक, मोजायला नाही. आपल्या अक्षांशावर त्यात लांबी सात टक्के जास्त येते, क्षेत्र साडेचौदा टक्के. चाळीस गुंठ्यांचा एकर त्यात जवळपास सेहेचाळीस गुंठे भरतो! जमीन कमी मिळाली अशा तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

उलट बाजूने यूटीएमही टेपशी तंतोतंत जुळत नाही, आणि ती चूक नव्हे. मधल्या रेघेवर प्रमाण ०.९९९६ ठरवलेलं आहे, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटिमीटर कमी. धुळ्याच्या उंचीमुळे आणखी चारेक सेंटिमीटर. प्लॉटच्या पन्नास फुटांत हे जाणवतही नाही, पण कालव्याच्या किंवा रेल्वेमार्गाच्या आखणीत दहा किलोमीटरला साडेचार मीटर होतात. टोटल स्टेशनने मोजलेली जमिनीवरची अंतरं आणि रोव्हरचे यूटीएम बिंदू एकाच नकाशात मिसळायचे असतील तर हा गुणक लावावाच लागतो.

राज्यात आता कॉर्सची, म्हणजे रोव्हरला सतत दुरुस्ती पुरवणाऱ्या कायमच्या जीपीएस-केंद्रांच्या जाळ्याची, ७७ केंद्रं आहेत आणि रोव्हर काही सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान देतो. मोजणी नेमकी झाली, तशी जुन्या-नव्या कागदांमधली तफावत जास्त उघडी पडू लागली. खानदेशात मोजणीवरून लोक पूर्वीही पेटले आहेत. १८५२ साली महसुली मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी उठले होते. मोजणाऱ्यावर विश्वास नसला की आकडा कितीही नेमका असो, पटत नाही. तो पटायचा तर आकडा कसा आला हे जमीनमालकाला तपासता आलं पाहिजे.

म्हणून भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीची नोटीस आली किंवा ले-आउटची फाइल हातात पडली, तर तीन गोष्टी लेखी मागा: आकडे कोणत्या पद्धतीतले, एकक कोणतं, आणि दोन ओळखीच्या खुणांचे निर्देशांक. खुणा अशा निवडा की ज्या जुन्या टिपणातही आहेत आणि आज जागेवरही आहेत, जसं विहिरीचं तोंड किंवा हद्दीचा दगड. त्या दोघांमधलं अंतर स्वतः टेप लावून मोजा आणि नकाशावरच्या अंतराशी ताडून पाहा. शंभर मीटरला चार-पाच सेंटिमीटरचा फरक यूटीएमचा असतो, तो मान्य करा. त्याहून जास्त निघाला तर कागदावर सही करण्याआधी आकडा नोंदवून, तारीख टाकून, खुलासा मागा.

(पुढील भागात : हद्दीचा दगड हरवला असेल तर टिपणावरून तो कसा शोधतात)