चाळिसावा हिस्सा

मुलांनो, रमजान ईदचा शिरखुर्मा तुमच्यापैकी अनेकांनी चाखला असेल. पण त्याआधी कित्येक मुस्लिम घरांत वही-पेन्सिल घेऊन एक हिशेब मांडतात, तो ठाऊक आहे का? तो असतो जकातीचा. (शहराच्या नाक्यावर पूर्वी ट्रक अडवून घेत ती जकात वेगळी, शब्द मात्र तोच!)

इस्लामच्या पाच स्तंभांपैकी हा एक. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची शिल्लक चांद्रवर्षभर राहिली, की तिचा चाळिसावा भाग, म्हणजे शंभरातले अडीच रुपये, द्यायचेच. राहतं घर यात धरत नाहीत. शेतीचा नियम तर मला फारच आवडतो. पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा, विहिरीचं पाणी ओढून पिकवलं तर विसावा! कष्ट जास्त, देणं कमी.

घेणारे कोण? कुराणात आठ प्रकार आहेत: गरीब, कर्जात बुडालेले, अडलेले वाटसरू वगैरे. स्वतःच्या आईवडिलांना मात्र जकात देता येत नाही. त्यांना सांभाळणं हे मुळातच कर्तव्य! आणि ही भीक नव्हे हं. श्रीमंताच्या मालात गरिबाचा ‘हक्क’ आहे, असं कुराण मानतं. म्हणून देताना ‘ही जकात बरं का’ असं सांगावंही लागत नाही. मनात हेतू धरायचा आणि गरजू शेजारणीच्या हातात ‘ईदी’ म्हणून पाकीट ठेवायचं, झालं!