हास्याचें आलंबन कोण?

विकृत वेष व विकृत चेष्टा यांपासून हास्य उत्पन्न होतें, असें भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत सांगितलें आहे. परंतु विकृत कोणास म्हणावयाचें, हें प्रत्येक काळच्या समाजास स्वतःच ठरवावें लागतें. अमेरिकेंतील दूरचित्रवाणीच्या विनोदी मालिकांत समलिंगी पात्रांचें चित्रण कसें पालटत गेलें, तें पाहिलें असतां या प्रश्नाचें महत्त्व सहज ध्यानांत येतें.

'ऑल इन द फॅमिली' ही मालिका १९७१ सालीं सुरू झाली. तिचा नायक आर्ची बंकर हा मोठा हेकेखोर गृहस्थ. कन्या व जांवई त्याच्याच घरीं राहतात. जांवयाचा एक मित्र नाजूक वागणुकीचा. तेवढ्यावरून तो समलिंगी असलाच पाहिजे, असें आर्ची ठरवून टाकतो आणि त्याची टवाळी करितो. वस्तुतः तो तसा नसतो. उलट आर्चीचा स्वतःचा स्नेही स्टीव्ह, धिप्पाड माजी फुटबॉलपटू, आपण समलिंगी असल्याचें पंजा लढवितां लढवितां शांतपणें सांगतो! आर्चीचा त्यावर विश्वासच बसत नाहीं. प्रेक्षक हसतात, तें आर्चीला. ज्याच्याकडे पाहून हसूं येतें, त्यास साहित्यशास्त्रांत आलंबन म्हणतात. येथें तें आलंबनच बदललें. त्या काळीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादींत समलैंगिकतेची नोंद विकार म्हणून होती. ती १९७३ सालीं काढण्यांत आली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं या भागाबद्दल व्यक्त केलेली नापसंती तर ध्वनिमुद्रित झालेली आहे.

पुढें १९९७ च्या एप्रिलमध्यें 'एलेन' मालिकेच्या नायिकेनें आपलें समलिंगित्व उघड केलें. सुमारें चार कोटि लोकांनीं तो भाग पाहिला. तथापि पुढच्याच वर्षीं मालिका बंद पडली.

'मॉडर्न फॅमिली' (२००९ ते २०२०) या मालिकेंत मिचेल व कॅमेरॉन हें पुरुष दांपत्य व्हिएतनाममधून दत्तक घेतलेल्या मुलीचें संगोपन करितें. एकाची अति काटेकोर वृत्ति आणि दुसऱ्याचा भावनांचा पूर, यांच्या खटक्यांतून विनोद होतो. असे खटके कोणत्या संसारांत नाहींत? कॅमेरॉनच्या नाटकीपणांत जुन्या ठोकळेबाज चित्रणाची छटा उरली आहे, हा आक्षेप निराधार नव्हे. परंतु तोच कॅमेरॉन शेतकरी घराण्यांतील असून फुटबॉलचा शिक्षक होतो, हेंही विसरतां येत नाहीं.

हा विषय परदेशाचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. आपल्याकडे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारें कुटुंब एकत्र बसून मालिका पाहतें. एखाद्या बायकी चालीच्या पात्रावर घर खदखदून हसतें, तेव्हां त्याच मंडळींत एखादा मुलगा गप्प बसलेला असूं शकेल. आपलें मन या घरांत कोणापाशीं उघडतां येईल काय, हें तो त्या हास्यावरूनच ताडतो. सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेंतून काढले. परंतु त्या मुलास घरांत निर्भय वाटावें, हें न्यायालयाच्या हातीं नाहीं. तें काम घरांतील वडीलधाऱ्यांचें आहे. आणि त्याचा आरंभ आपण कोणास हसतों, हें पाहण्यापासून होतो.